शेवटाला चिकटपट्टी

आमच्या बाईंनी माझ्यासमोर पहिल्यांदा टीव्ही बंद केला तेव्हा पिक्चर संपायला वीस मिनिटं उरली होती. हिरोला कारखान्यात कोंडलं होतं, त्याच्या बहिणीला दोरीने बांधलं होतं आणि पोलिसांची जीप अर्ध्या रस्त्यात होती. बाई उठल्या, बटण दाबलं, टीव्हीवर फडकं टाकलं आणि म्हणाल्या, "चला, बीपी घेऊ." खोलीत सहा गरोदर बाया बसल्या होत्या. कमरेला हात देत एकेक उठली आणि ओळीत उभी राहिली. तोंड उघडं राहिलं ते फक्त माझं.

मी चंद्रपूरची. शहरातल्या कुठल्या टॉकीजमध्ये कुठल्या खुर्चीची स्प्रिंग टोचते, हे मला बारावीपर्यंत पाठ होतं. पहिल्या दिवशी पहिला खेळ बघायचा आणि दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना शेवट सांगून त्यांच्या शिव्या खायच्या, हा माझा छंद. अशा मुलीला कंत्राटी नर्स म्हणून भामरागडच्याही आत पाठवलं होतं. पोचून तीन दिवस झाले होते, फोनला रेंज नव्हती, आणि समोर चाललेला एकुलता एक पिक्चर कुणीतरी ऐन मोक्याला बंद केला. मी भांडलेच.

"बाई, वीसच मिनिटं राहिलीत."

"माहीत आहे मले."

"मग बघू द्या ना."

"वीस मिनिटांत काय होनार आहे? थो मारन, नाई तं मरन. तू बीपीचं मशीन आन."

बाई आमच्या आरोग्य केंद्रातल्या सगळ्यात जुन्या सिस्टर. निवृत्तीला वर्ष-दीड वर्ष उरलेलं. अंगाने काटकुळ्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, पावसाळ्यात पायात निळे प्लास्टिकचे बूट. चष्म्याची काडी तुटली होती, ती त्यांनी दवाखान्यातल्या चिकटपट्टीने जोडली होती. माहेर सिंदेवाहीचं, वडील तिथल्या भात संशोधन केंद्रावर मजूर होते. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून बाई क्वार्टरमध्ये बुद्धवंदना म्हणायच्या, डोळे मिटून, अगदी शांत आवाजात. ती संपली की त्याच आवाजात मला सांगायच्या की कालच्या मालिकेतली सासू नकली वाटते, कारण खऱ्या सासूला एवढा वेळ नसतो.

पिक्चर, मालिका, कॉमिक, मोबाइलवरचे गेम, बाईंना सगळ्याचंच वेड होतं आणि प्रत्येकाबद्दल त्यांचं मत होतं. ते विचारावं लागत नसे. लसींच्या कुप्या तपासता तपासता, सिरिंजमध्ये औषध ओढता ओढता मत येऊन पडायचं. आम्ही लोक चांगलं-वाईट म्हणतो, बाई ताप सांगायच्या. अठ्ठ्याण्णव म्हणजे पिक्चरला काही झालेलंच नाही, उगीच भरती झालाय. शंभर म्हणजे बघायला हरकत नाही. एकशे तीन म्हणजे दोन दिवस झोप नाही. एकशे चारच्या वर त्यांनी कुणालाच दिलं नाही. का, असं विचारलं तर म्हणाल्या, "त्याच्यावर झटके येते."

एका मालिकेच्या हिरोइनवर त्यांचा विशेष राग होता. "हिले दिवस राह्यले तवा माह्या भाचीचं लग्न झालं," त्या म्हणाल्या. "भाचीची पोट्टी आता शाळेत जाऊन राह्यली आन् हिचा अजून आठवाच महिना. रेफर करा म्हना कोनी तिले."

एकदा पेन ड्राइव्हवर उडणाऱ्या माणसाचा परदेशी पिक्चर आला, हिंदीत बोलणारा. मी तो आधी तीनदा बघितला होता आणि माझा अतिशय लाडका होता. बाई हात बांधून बघत होत्या.

"याले खरंच उडता येते?"

"हो ना."

"वजन किती उचलते?"

"अख्खी बस उचलतो, बाई."

"मंग थो बिल्डिंगीवर काऊन बसून राह्यला? पेशंट घेऊन अहेरीच्या मोठ्या दवाखान्यात जा म्हना. दहा मिनिटांचं काम आहे त्याले." त्यांना मनापासून राग आला होता. गेल्या पावसाळ्यात बाजेवर टाकून, मग लाकडी डोंग्यातून नदीपार नेलेली एक बाई त्यांच्या डोक्यात असावी. त्या पिक्चरला अठ्ठ्याण्णव मिळाले. मी दोन दिवस धड बोलले नाही.

मढी उठून गावभर चालतात असा एक पिक्चर लागला, तेव्हा बाया घाबरून एकमेकींना चिकटल्या, मीही उशी पोटाशी धरली. बाई म्हणाल्या, "एवढे लोक बिमार पडून राह्यले आन् गावातल्या विहिरीच्या पान्याचा नमुना कोनी घेतला नाई." मग मला त्या पिक्चरची भीती वाटेना. तो धक्का मी अजून विसरलेले नाही, कारण त्यानंतर कुठल्याच भुताच्या पिक्चरमध्ये मला आधीसारखी मजा आली नाही.

गेमची गोष्ट तर आणखीच वेगळी. आमच्याकडे रेंज यायची ती दवाखान्याच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, तीही टॉवरची लहर असेल तर. एका दुपारी तिथून बाईंचा आवाज आला. "डावीकडं नोको जाऊ, तिथी मानूस लपला आहे. तुह्या अंगातून रक्त जाऊन राह्यलं, बस पह्यले. मी येतो पट्टी घेऊन." मला वाटलं कुठं तरी मारामारी झाली आणि बाई फोनवर कुणाला प्रथमोपचार सांगतायत. मी ड्रेसिंगचा ट्रे घेऊन धावत गेले. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून कानात वायर घालून बंदुकीचा गेम खेळत होत्या.

त्या गेममध्ये शंभर जण उतरतात आणि एकमेकांना मारतात. बाईंनी कधी गोळी झाडली नाही. बंदूक सापडली तर टाकून द्यायच्या आणि पिशवीत फक्त प्रथमोपचाराच्या पेट्या भरायच्या. आपल्या टोळीतलं कुणी पडलं की सरपटत जाऊन पट्टी करायच्या. कुठल्या कुठल्या शहरांतले ते अनोळखी साथीदार कानात शिव्या घालायचे. बाई म्हणायच्या, "तुह्या मायची डिलिव्हरी मीच केली असन, नीट बोल." पट्टी चार सेकंदांत पूर्ण होते, हे मात्र त्यांना फार आवडायचं. खेळात शेवटचे दहा जण उरले की बाई फोन मांडीवर उलटा ठेवायच्या आणि उठून कामाला लागायच्या. टोळी जिंकली की मेली, हे त्यांनी कधी पाहिलं नाही.

आणि कॉमिक. बाईंच्या पलंगाखाली पत्र्याची पेटी होती, तीत एसटी स्टँडवरून वर्षानुवर्षं घेतलेली हिंदी कॉमिक खच्चून भरलेली. मी लहानपणी ह्याच चित्रांवर वाढलेली, म्हणून एक दिवस त्यांची परवानगी न घेता पेटी उघडली. पहिलं कॉमिक वाचत शेवटाशी आले तर शेवटची दोन पानं एकमेकांना चिकटवलेली. दुसरं काढलं, तेही तसंच. तिसरं, चौथं, दहावं. प्रत्येकाच्या शेवटाला तीच दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी, चारही कडांना, जखमेवर लावावी तशी काळजीपूर्वक लावलेली. विक्षिप्तपणा वेगळा आणि हे वेगळं. मला वाटलं, इतकी वर्षं जंगलात राहून ह्या बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी एका पट्टीचा कोपरा नखाने उचलला, तेवढ्यात त्या दारात उभ्या.

त्या ओरडल्या नाहीत. पुस्तक माझ्या हातातून घेतलं, कोपरा अंगठ्याने दाबून बसवला आणि म्हणाल्या, "वाच. कितीही वाच. पन हे नोको उघडू."

मी विचारलं, "शेवट वाचला तर काय होईल?"

"मंग मले माहीत होईन," बाई म्हणाल्या.

हे काही उत्तर झालं का? मला तर नाही वाटलं. मी मनात म्हटलं, सिनेमाचं प्रेम म्हणतात ते हे नव्हेच. ज्याला शेवट बघवत नाही त्याने मत देऊ नये. हे मी त्यांना तोंडावरही सुनावलं. त्या म्हणाल्या, "शेवट कोनालेबी करता येते. मानूस मधात बसून राह्यला पाह्यजे, थे कठीन."

मधात बसवून ठेवणं हे त्यांचं खरं काम होतं आणि मी गाढवासारखी ते रोज बघत असूनही मला कळत नव्हतं. दवाखान्याच्या आवारात एक लांबट खोली आहे, तिला माहेरघर म्हणतात. पावसाळ्यात नाले भरले की आतल्या गावांची वाट तुटते, म्हणून दिवस भरत आलेल्या बायांना आधीच आणून तिथं ठेवायचं, खायला घालायचं आणि बाळंतपण झालं की घरी पाठवायचं. आणणं सोपं, ठेवणं अवघड. भाताच्या रोवणीचे दिवस असतात, घरी लहान मूल असतं, सासू एकटी असते. डॉक्टर तक्ते दाखवून समजावायचे. बाया मान डोलावायच्या आणि सकाळी चटई रिकामी.

बाई समजावत नसत. दुपारी जेवणं झाली की ओट्यावर बसून पिक्चर सांगायच्या. टीव्हीवर बघितलेला असेल तर त्याचं पुढचं, नसेल तर कॉमिकमधलं, माडिया बोलीत, मधूनमधून मराठीत. हिरोइनचं चालणं, घोड्याचं पडणं, खलनायकाचं खोकणं, सगळं करून दाखवायच्या. बायांचे हात भाजी निवडता निवडता थांबायचे. आणि नेमक्या ठिकाणी बाई उठायच्या. "उरलेलं पोट मोकळं झाल्यावर." हे वाक्य मला माडियातसुद्धा ओळखू यायला लागलं होतं. जी बाळंत झाली, तिच्या कानाशी बसून बाई तिला एकटीला शेवट सांगायच्या. तिने तो बाकीच्यांना सांगायचा नाही, असा नियम. आणि बाया पाळायच्या. मला ही बाईंची आणखी एक तऱ्हा वाटली, बस.

त्या पावसाळ्यात जुरी आली. वीस-एकवीस वर्षांची, आश्रमशाळेत आठवीपर्यंत शिकलेली, त्यामुळे माझ्याशी मराठीत बोलणारी एकटी तीच. हे तिचं दुसरं. पहिल्या वेळी घरी बाळंत झाली होती, रक्त इतकं गेलं की दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. ह्या वेळी तिला घरी जाऊ द्यायचं नाही, हे डॉक्टरांनी लाल शाईने लिहिलं होतं. पण तिची अडीच वर्षांची मुलगी सासूकडे होती आणि जुरी रोज संध्याकाळी रस्त्याकडे तोंड करून बसायची. आणल्यापासून दोनदा तिने निघायची तयारी केली होती. दोन्ही वेळा ती थांबली, कारण बाईंनी एक प्रेमाचा पिक्चर सुरू केला होता आणि त्यातल्या मुलाला साप चावला होता.

आणि तो पिक्चर मी चंद्रपूरला दोनदा बघितलेला.

बाईंना तालुक्याला मीटिंगसाठी जावं लागलं, एक दिवस, एक रात्र. दुपारी ओट्यावर सगळ्या बाया गप्प. जुरी माझ्याजवळ सरकली. "ताई, तुम्ही टॉकीजमधी पाह्यला ना? तो मुलगा जगते काय?"

इतक्या आठवड्यांत मला पहिल्यांदा कुणीतरी शेवट विचारला होता. मी काय सांगू, मला भरून आलं. मी उभी राहून सांगितलं. मुलगा मरतो, चिता पेटते, मुलगी त्याची बासरी नदीत सोडते, म्हातारा बाप किनाऱ्यावर गुडघे टेकतो. संवाद सांगितले, मागचं संगीत तोंडाने वाजवलं. जुरी रडली, डोळे पुसून हसली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली. संध्याकाळी ती रस्त्याकडे तोंड करून बसली नाही, तिने आपलं लुगडं धुऊन वाळत घातलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. बाई दीड महिन्यात जे करू शकल्या नाहीत ते मी एका दुपारी केलं, असं मी मनाशी म्हणाले.

सकाळी तिची चटई गुंडाळून भिंतीशी उभी होती. दोरीवर लुगडं नव्हतं.

बाई सात वाजता जीपमधून उतरल्या. मी रडत सांगितलं की जुरी गेली. त्यांनी पाण्याचा पेलाही घेतला नाही. माझ्याकडे बघून विचारलं, "शेवट सांगतला काय?"

हे त्यांना कसं कळलं? मी मान डोलावली. मला वाटलं आता थोबाडीत बसेल, आणि बसली असती तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "बूट घाल."

आम्ही निघालो. छत्री एक, पाऊस बारीक, चिखल नडगीपर्यंत. जुरीच्या गावाला दोन नाले ओलांडून जावं लागतं. पहिला तासाभरावर. बाई पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेत त्या मागे न बघता बोलायला लागल्या. नोकरीला नव्या असताना अशीच एक बाई त्यांच्याकडे होती. तेव्हा माहेरघर वगैरे नव्हतं, व्हरांड्यात ठेवायचे. पाऊस थांबत नव्हता, दोघी कंटाळलेल्या, म्हणून बाईंनी तिला एक पिक्चर सांगितला. ती रोज मागे लागायची, शेवट सांग, शेवट सांग. एक दिवस सांगून टाकला.

"दुसऱ्या दिवशी गेली," बाई म्हणाल्या. "नाल्यापर्यंत पोचली. घरी नाई पोचली."

मी तिथंच उभी राहिले. बाईही थांबल्या. "मंग मी ठरवलं, शेवट पाह्याचाच नाई. माहीत असलं तं कवा ना कवा तोंडातून निघते. कोनी रडली, कोनी पाया पडली, का निघते. जे माहीतच नाई थे निघनार कसं?" मग चष्मा पदराने पुसत म्हणाल्या, "चाल. रडशीन नंतर."

इतके दिवस मी त्यांना वेडी म्हणत होते. टीव्ही बंद करणाऱ्या, पानं चिकटवणाऱ्या, जिंकायच्या वेळी फोन उलटा ठेवणाऱ्या ह्या बाईला मी मनातल्या मनात हसले होते. मला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. ती तशीच्या तशी अजून आहे.

जुरी पहिल्या नाल्यावर होती. अलीकडच्या काठाला एका मोठ्या दगडावर लुगडं खोचून बसली होती. पाणी लाल, जोराचं, तिच्या मते कमरेइतकं. पाणी उतरायची ती वाट बघत होती. आम्हाला बघून तिने तोंड फिरवलं. मी धावत जाऊन हात धरणार होते, बाईंनी मला मागे ओढलं. त्या जाऊन तिच्या शेजारी बसल्या, पिशवीतून सुपारी काढली, कातरली, तिला दिली. परत चल, असं एकदाही म्हणाल्या नाहीत. आणि मराठीत बोलायला लागल्या, म्हणजे मलाही कळावं.

"ह्या पोरीनं तुले शेवट सांगतला म्हनते."

"हो."

"थो मेला म्हनून?"

"मेला. जाळला त्याला."

"खोटं आहे," बाई म्हणाल्या. "हिले झोप लागली होती टॉकीजमंदी. विचार तिले."

जुरीने माझ्याकडे बघितलं. मी. पहिल्या दिवशी पहिला खेळ बघणारी. एकही पिक्चर झोपून न काढलेली. तो शेवट मला श्वासासकट पाठ होता. बाई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, त्या पाण्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "मला झोप लागली होती. मैत्रिणीने सांगितलं तेच मी तुला सांगितलं."

आयुष्यात बोललेलं सगळ्यात अवघड खोटं ते.

"मग जाळलं कोणाला?" जुरीने विचारलं.

"दुसऱ्याले," बाई म्हणाल्या. "थ्या पोराचे कपडे घातलेला दुसराच होता थो. आता थो कोन, हे थ्या पोरीले कसं समजलं, सांगतो ना." आणि त्या उठल्या. साडी झटकली आणि सांगत सांगत दवाखान्याच्या वाटेला लागल्या. आवाज मुद्दाम बारीक ठेवलेला. दहा पावलांवर ऐकू येईना. जुरी काही वेळ दगडावर तशीच बसली. मग उठली आणि ऐकू येईल इतक्या अंतरावर येऊन मागे मागे चालू लागली. मी सगळ्यांच्या शेवटी. साप पाळणारा एक म्हातारा आला, एक खोटं लग्न झालं, बासरी चोरीला गेली. माझ्या लाडक्या पिक्चरची पार वाट लागली होती आणि मी हात जोडून चालत होते.

दुपारी नाल्यावरून परत फिरलेल्या कोतवालाने सांगितलं की नाल्यावरचा तो दगड आता दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जुरी बाळंत झाली. मुलगी. आणि मग रक्त सुरू झालं. मी शिकताना पुस्तकात वाचलं होतं, बघितलं नव्हतं. डॉक्टर इंजेक्शनं भरत होते, मी तिच्या दोन्ही हातांना सलाइन लावत होते. बाईंनी तिच्या पोटावर हात दाबून धरला होता आणि त्या चोळत होत्या, न थांबता, आणि तिला म्हणत होत्या, "डोये उघडे ठेव. अजून शेवट राह्यला." तासाभराने रक्त थांबलं. बाईंची बोटं वाकडीच राहिली, मी एकेक सरळ करून दिली. नाल्यापलीकडच्या झोपडीत हे झालं असतं तर काय झालं असतं, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी बाळ अंगावर पीत असताना बाईंनी जुरीला शेवट सांगितला. मला बाहेर काढलं होतं. मी दाराशी कान लावला, पण सगळं माडियात. फक्त जुरी हसल्याचं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी मी तिला खूप मस्का लावला. ती म्हणाली, "बाईनं सांगू नको म्हटलं." तो मुलगा कसा वाचला, मला आजही माहीत नाही.

बाई निवृत्त होऊन सिंदेवाहीला गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. पेटी मला देऊन गेल्या. मी अजून एकही पट्टी उघडलेली नाही. माडिया जेमतेम बोलते, चुकलं की बाया हसतात, पण बसून राहतात. चंद्रपूरला गेले की भावाबरोबर पिक्चरला जाते आणि वीस मिनिटं उरली की बाहेर येऊन पॉपकॉर्नवाल्याशी गप्पा मारत उभी राहते. भाऊ म्हणतो, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय.

परवा, मागच्या खेपेला असाच अर्धा बघितलेला एक पिक्चर डोक्यात घेऊन चंद्रपूरहून परत निघाले होते. रजेचा एक दिवस उरला होता. वाट वाकडी करून सिंदेवाहीला बाईंकडे गेले. दार उघडंच. बाई पाय वर घेऊन टीव्हीसमोर बसलेल्या, पडद्यावर नुसती आग आणि धावपळ. तो पिक्चर संपला, त्यांनी बटणं दाबली, दुसरा लावला आणि पळवत पळवत सरळ शेवटाशी नेला.

"बाई, हे काय?"

"शेवट पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "नोकरीभर राह्यलेले. रोज पाच-सहा काढतो. मधातलं मले माहीतच आहे."

"आणि कसे आहेत?"

"अठ्ठ्याण्णव," बाई म्हणाल्या. "सगळेचे सगळे अठ्ठ्याण्णव. माहे बरे होते."

मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. बाईंनी चहा टाकला, तिसरा पिक्चर लावला, आणि पळवत पळवत पुढे नेला. पडद्यावर एक घाट, एक उलटलेला ट्रक, लाल साडीतली एक मुलगी. हा तर माझ्या डोक्यातला पिक्चर. मागच्या खेपेला मी ज्यातून उठून बाहेर आले तो. ती मुलगी ट्रकच्या दारापाशी गेली, दाराला हात लावला.

मी उठले आणि टीव्ही बंद केला.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या घरात, त्यांचा टीव्ही, कुणी असा बंद केला नसेल. चहा उतू जायला लागला तरी त्या उठल्या नाहीत.

"कोन आहे?" त्यांनी विचारलं.

"जुरीची जाऊ," मी म्हणाले. "नववा लागलाय. ट्रकपर्यंत सांगून आलेय."

बाईंनी बाहेर आभाळाकडे बघितलं. मग माझी पिशवी उचलून माझ्या हातात दिली.

"मंग तू इथी काऊन बसून राह्यली?" त्या म्हणाल्या. "जा."